दाक्षायणीचा गळा आणि मायाप्पाची बॅटरी

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत मायाप्पाचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान आहे. तिथल्या काचेच्या कपाटात मी पडून असतो. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे आणि वायरीला चिकटपट्टी गुंडाळली आहे. तरी मी अजून चालू आहे. ही फुशारकी नव्हे. पुढचं ऐकलंत की माझ्या चालू असण्याचं मला काय वाटतं ते तुम्हाला कळेल.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझ्या पोटात केसासारखी बारीक तार बसवली, वर जाळी घातली आणि मला कापसात गुंडाळून खोक्यात ठेवलं. माझं काम सोपं होतं. माणसाने हळू बोलायचं, मी ते मशीनकडे पोचवायचं, मशीनने ते मोठं करायचं आणि कर्ण्याने पेठेभर सांगायचं. माणसाला ओरडावं लागू नये, एवढ्यासाठीच आम्हाला बनवतात.

मायाप्पा मूळचा सांगोल्याकडचा. वडिलांच्या वाट्याची मेंढरं विकून त्याने हे दुकान टाकलं, त्यामुळे प्रत्येक वस्तूवर त्याचा भारी जीव. मला तो मखमलीच्या पिशवीत ठेवी. कुणी 'चालू आहे का' म्हणून फुंकर मारली की तो माणसाचा हातच धरी. "फुकू नगासा. आत थुकी जातीया," म्हणे. आणि बॅटरी तर त्याला माझ्याहूनही लाडकी. मशीन चालवणारी मोटारीची ती जड बॅटरी उतरली की गॅरेजात चार्जिंगला द्यावी लागे, आणि त्या काळात वीज कधी जाईल याचा नेम नसे. म्हणून तो मशीनचा आवाज नेहमी कमी ठेवी आणि बोलणाऱ्याला सांगे, "तू जरा जोर लाव की." सोलापुरातले सगळेच लाउडस्पीकरवाले असं करत. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नसे.

दुष्काळाच्या वर्षी दाक्षायणी माझ्यासमोर पहिल्यांदा बोलली. तिचे वडील अण्णाराव पेठेतल्या एका कापडदुकानात दिवाणजी होते. दुकानाच्या सेलची जाहिरात बाईच्या आवाजात करायची टूम मालकाने काढली आणि कॉलेजच्या नाटकात काम केलेली दिवाणजींची मुलगी त्याला आठवली. अण्णाराव शिस्तीचे लिंगायत गृहस्थ. ते मायाप्पाला म्हणाले, "आवाज भाईर जाऊ दे, माणूस दिसाया नगं." मग मायाप्पाने पडद्याचा टांगा आणला. पडद्याआड दाक्षायणी, तिच्या हातात मी आणि टपावर कर्णा.

इतकी वर्षं मी पुढाऱ्यांचा खोकला आणि वरातींचा गोंधळ ऐकला होता. ही मुलगी वेगळीच निघाली. तिने मला तोंडापासून चार बोटं लांब धरलं आणि अगदी हळू सुरुवात केली. सासूच्या आवाजात साडीचा भाव पाडला, सुनेच्या आवाजात हट्ट धरला, मधेच दुकानदार होऊन शपथ घेतली. लोक टांग्यामागे चालू लागले. आत किती जणी बसल्या आहेत यावर पानपट्टीवर पैजा लागल्या. मायाप्पा खूश होऊन म्हणाला, "पोरी, तुज्या गळ्यात चार माणसं हायेत की."

मग सिनेमाच्या जाहिराती आल्या. दंतमंजनाच्या आल्या. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की दाक्षायणी माझ्यापुढे बसून सराव करी. शाळेच्या पुस्तकातला एकच धडा ती म्हातारी होऊन वाची, मग लहान पोर होऊन वाची. घरी कन्नड, शाळेत मराठी आणि शेजारच्या विणकरांच्या पोरींकडून उचललेली तेलुगू, तिन्ही भाषा तिच्या तोंडात बसल्या होत्या. तिला पुण्याच्या रेडिओवर नाटकात आवाज द्यायचा होता. तेच आपलं पोटापाण्याचं काम व्हावं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. तिने अर्ज केला आणि आवाजाच्या चाचणीचं बोलावणंही आलं.

अण्णारावांनी ते बोलावणं दोनदा वाचलं. "एक डाव जा," ते म्हणाले. "घेतलं तर मी आडवा येणार न्हाई. न्हाई घेतलं तर मोहोळच्या स्थळाला व्हय म्हणायचं."

दाक्षायणी कबूल झाली. चाचणी गड्ड्याच्या यात्रेनंतर, म्हणजे सोलापूरच्या मोठ्या जत्रेनंतर लगेच होती आणि यात्रेत हरवलेल्या मुलांचा पुकारा करायचं काम मायाप्पाने घेतलं होतं. तीन भाषांत पुकारणारी दुसरी कोण मिळणार? ती आली. धुरळा अतोनात उडत होता. पाळण्यांचा खडखडाट, पिपाण्या, तमाशाच्या ढोलक्या, त्या सगळ्यावरून तिचा आवाज जायला हवा होता. एरवी ती माझ्याशी बोलायची, पण तिथे तिला माझ्यावर ओरडावं लागलं. दुसऱ्या दिवशीच तिच्या आवाजाला खरखर आली.

शेवटच्या दिवशी दुपारी मायाक्का नावाची बाई रडत आली. तिची केरा, चार वर्षांची पोर, गर्दीत हातातून सुटली होती. दाक्षायणीने पुकारा सुरू केला. केराचा हिरवा परकर, कपाळावरचं गोंदण, आई इथे उभी आहे, मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, पुन्हा मराठीत. थोड्या वेळाने ती थांबली आणि गळ्यावर हात ठेवून म्हणाली, "मामा, मशीन वाढवा की. गळ्यात काटे टोचल्यासारखं व्हायलंय."

"वाढीवलं तर दिवस मावळंपत्तोर बॅटरी पुरायची न्हाय," मायाप्पा म्हणाला. "तू जोर लाव. रातच्याला जेष्ठमध चघळ, सकाळी गळा मोकळा."

"परवा चाचणी हाय, मामा."

"ठाव हाय की. म्हणून तर म्हणतोय, जेष्ठमध चघळ."

मित्रांनो, मायाप्पा दुष्ट नव्हता. त्याने स्वतः जाऊन तिच्यासाठी गरम चहा आणला. बॅटरी बसते हे त्याला पक्कं माहीत होतं, पण गळाही तसाच बसतो आणि कुठल्याही गॅरेजात तो भरून मिळत नाही, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. दाक्षायणीने समोर बसलेल्या मायाक्काकडे पाहिलं आणि पुन्हा मला उचललं. माझ्या हातात असतं तर मी तेव्हाच बंद पडलो असतो. पण मी चालू होतो. दिवस कलायला आला तेव्हा तिच्या आवाजाच्या दोन चिरफळ्या झाल्या, एक वर आणि एक खाली. मग वरची गेली आणि नुसता वारा माझ्या जाळीवर येऊ लागला. त्याच वेळी एक पोलीस केराला खांद्यावर घेऊन आला. मायाक्का पोरीला कवटाळून दाक्षायणीच्या पाया पडली. दाक्षायणी काहीतरी म्हणाली, ते मलाही ऐकू आलं नाही. मायाप्पाने मला पुसून मखमलीच्या पिशवीत घातलं. तिच्या गळ्याभोवती रुमालसुद्धा नव्हता.

ती वडिलांबरोबर पुण्याला गेली. परत आल्यावर अण्णाराव एकटेच दुकानात आले आणि स्टुलावर बसले.

"ओठ हालत हुते, आवाज न्हवता," ते म्हणाले. "तितली माणसं चांगली हुती. बरं झाल्यावर परत या म्हणाली. डॉक्टर म्हणतोय, आत गाठी झाल्यात. बरं वाटलं तरी पयल्यासारखा आवाज यायचा न्हाई."

मायाप्पा बराच वेळ बॅटरीच्या झाकणावरची धूळ पुसत राहिला. "मग मोहोळ?" त्याने विचारलं.

"शब्द दिलाय," अण्णाराव म्हणाले.

लग्नात लाउडस्पीकर मायाप्पाने फुकट लावला. मी मांडवात होतो. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा बायकांनी मला नवरीपुढे धरलं. तिने नकारार्थी मान हलवली. कुणीतरी म्हणालं, पोरगी लाजाळू आहे. मला फार वाईट वाटलं.

परवा ती दुकानावरून जाताना थांबली. बरोबर तिची तीन-चार वर्षांची मुलगी होती. मायाप्पाने खुर्ची दिली, खुशाली विचारली. ती घोगऱ्या, फाटक्या आवाजात दोन शब्द बोलली आणि दमली. तेवढ्यात मुलगी पायरी उतरून रस्त्याकडे निघाली. समोरून रिक्षा येत होत्या. दाक्षायणीने हाक मारली नाही. तिने दोन टाळ्या वाजवल्या. मुलगी जागच्या जागी थांबली आणि मागे वळून पाहू लागली. तिला सवय होती.

त्या गेल्यावर मायाप्पाने मला कपाटातून काढलं. पुसायला कापड घेतलं आणि तसंच हातात धरून बसला.

मित्रांनो, मला पुसा, झाकून ठेवा, असं सांगण्यासाठी मी तुम्हाला बोलावलं नाही. माझी तार तुटली तर नवी बसवता येते. तुमच्या घरी, शाळेत, बाजारात कुणी बोलून पोट भरत असेल, कुणी तसं भरू पाहत असेल, आणि ते एकदा जरी म्हणाले की गळा दुखतो, तर त्यांना जोर लाव म्हणू नका. मशीन वाढवा. बॅटरी संपली तर संपू द्या.