वेणीमाधवरावांची सुधारणा

वेणीमाधवराव काशीला मरायला आले होते आणि त्यात त्यांची काही हयगय नव्हती. जबलपूरहून निघताना घरानं त्यांना रीतसर निरोप दिला होता. पुरणपोळी झाली, नातेवाईक पाया पडून रडले, त्यांची खोली नातवाच्या कम्प्यूटरला देऊन टाकण्यात आली. इतकं साग्रसंगीत झाल्यावर माणसानं जगत राहणं म्हणजे रडून गेलेल्या पाहुण्यांचा अपमानच.

मुलगा कुशल बँकेतून रजा काढून सोबत आला होता. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत ‘मोक्षनिवास’ नावाचं घर होतं. शेवटच्या दिवसांतली माणसं तिथे आणून ठेवायची आणि वाट बघायची, एवढंच तिथलं काम. घर चालवायच्या विद्युल्लताबाई. त्यांचे पूर्वज कधीकाळी कोकणातून आलेले, बाई मात्र पक्क्या बनारसी. त्यांचा एकच नियम होता, जो बरा होईल त्यानं खाट सोडायची. हा नियम वापरायची वेळ सहसा येत नसे.

अशा घरात मँचेस्टरहून संगीतोपचाराचं पथक आलं. सगळे पदरमोड करून आलेले स्वयंसेवक, चेहऱ्यावर परोपकार ओसंडणारा. सोबत माणसाएवढी उंच विलायती वीणा होती. गल्लीत समोरून सांड आला तेव्हा ती उचलून सगळ्यांना पार पानवाल्यापर्यंत मागे सरकावं लागलं. पथकाची प्रमुख मालविका तिकडेच जन्मलेली, पण आईवडिलांनी मराठी शिकवलेली. तिनं विद्युल्लताबाईंना समजावलं की संगीतानं रुग्णाची जगण्याची इच्छा वाढते आणि ती किती वाढली हे त्यांना आलेखावर दाखवावं लागतं. बाईंना वाटलं, विलायती भजन असेल. इथे लोक नेमकी ती इच्छा सोडायला येतात हे मालविकाला कुणी सांगितलं नाही. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं?

बाकीच्या म्हाताऱ्यांनी वीणा सुरू होताच सभ्यपणे भिंतीकडे कूस वळवली. वेणीमाधवरावांना ते जमलं नाही. एक धिप्पाड गोरी बाई त्यांचा हात हातात घेऊन बसली आणि उठायचं नावच काढीना. त्यांच्याजवळ इतका वेळ कुणी बसल्याला किती वर्षं झाली होती, त्यांना आठवेना. दुसऱ्या दिवशी ते उशीला टेकून बसले. मग पेज मागून घेतली. आणि एका सकाळी त्यांनी चांगल्या खणखणीत आवाजात कचोरी-जिलेबी मागितली.

घर हादरलं. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी कानावर हात ठेवले. मालविका मात्र आनंदानं रडली आणि तिनं कचोरी खाणाऱ्या वेणीमाधवरावांचा व्हिडिओ काढून मँचेस्टरला पाठवला. आलेख असा कधी चढलाच नव्हता.

वेणीमाधवरावांना आता घरी जावंसं वाटत होतं. कोपऱ्यावरच्या बाकावर बसून मित्रांशी राजकारणावरून भांडावंसं वाटत होतं. मोक्षाचं पुढे बघता आलं असतं. पण हे स्वतःच्या तोंडानं बोलायची त्यांना लाज वाटत होती. कुशलनं आपण होऊन ‘चला’ म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

विद्युल्लताबाईंनी कुशलला बाजूला घेऊन नियम सांगितला. कुशलनं जिन्यात जाऊन बायकोला, पद्माला, फोन लावला. रेंज धड नव्हती म्हणून तो मोठ्यानं बोलत होता आणि वेणीमाधवरावांना शब्द न् शब्द ऐकू आला.

“अगं, मी काय करू? बरे होताहेत ते,” कुशल म्हणत होता. “खोलीचं बघू काहीतरी. नाही, रजा आता वाढत नाही. नाही, त्यांना काहीच सांगितलेलं नाही.”

पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर वेणीमाधवरावांनी त्याला सरळ झापलं असतं.

त्यांनी ठरवलं, उद्या निपचित पडून राहायचं. लहानपणी कुशल शाळा बुडवायला पोटदुखीचं सोंग करायचा, ते सोंग त्यांनी प्रत्येक वेळी एका नजरेत ओळखलं होतं. आता पोराची पाळी. त्यानं सोंग ओळखलं, हसला आणि ‘उठा बाबा’ म्हणाला, की झालं.

सकाळी त्यांनी कचोरीला नकार दिला आणि डोळे मिटून घेतले. मालविकाचा चेहरा पडला. पथकानं मोठ्या मेहनतीनं एक मराठी भजन बसवलं होतं, ते सुरू केलं. सूर कुठल्या कुठे भरकटत होते, पण ठेका बरोबर होता. वेणीमाधवरावांनी तोंड, हात, श्वास, सगळं आवरून धरलं. उजव्या पायाचा अंगठा तेवढा पांघरुणाबाहेर निघून ठेका धरू लागला.

“काल तक तर बरे होते,” विद्युल्लताबाई म्हणाल्या. “आता खाटेचं काय करायचं, बोला. पीछे चार जण थांबलेत.”

कुशल खाटेच्या पायथ्याशी आला. किलकिल्या डोळ्यांनी वेणीमाधवराव बघत होते. कुशलची नजर थेट अंगठ्यावर होती, आणि अंगठा समेवर येत होता. पोरानं ओळखलं होतं. वेणीमाधवरावांना इतका आनंद झाला की हसू दाबणं कठीण होऊन बसलं.

कुशलनं पांघरूण खाली ओढलं, अंगठा नीट झाकला आणि दोन्ही बाजूंनी कडा गादीखाली खोचल्या.

“राहू द्या त्यांना,” तो विद्युल्लताबाईंना म्हणाला. “काही फरक नाही.”

मालविकानं डोळे पुसले आणि पथकाला अजून थोडं मोठ्यानं गायला सांगितलं. पांघरुणाखाली अंगठा थांबला होता.