जाऊबाईंच्या तीन ओळी

आमच्या भागात सात छोट्या ब्रुअऱ्या आहेत आणि अकरा पब. यांतली एकही जागा मोठ्या कंपनीच्या मालकीची नाही, आणि याचा आम्हाला इतका अभिमान आहे की दर तीन महिन्यांनी आम्ही तो चार पानांवर छापून वाटतो. त्या चार पानांची संपादक मी. मान बेताचा, चुका मात्र सगळ्या माझ्या नावावर.

पानगळीचा अंक सगळ्यांत महत्त्वाचा. उन्हाळ्यात लोक गार मिळेल ते पितात. हवेत गारवा आला की मग चवीने पितात, म्हणून प्रत्येक ब्रुअरीची खास बीअर याच दिवसांत निघते. यंदाच्या बातम्या साधारण अशा होत्या. पुलापलीकडच्या पबने अखेर शेकोटी दुरुस्त केली, त्यामुळे धूर आता गिऱ्हाइकांच्या डोळ्यांऐवजी धुराड्यातून जातो. स्टेशनामागच्या जोडप्याने लाल भोपळ्याची बीअर काढली आहे. ती कोणी मागितली होती, ते अजून कळलेलं नाही. कोपऱ्यावरच्या पबची मांजर हरवली होती, ती सापडली. आता पाच मांजरं आहेत.

आणि सातवी ब्रुअरी आमची. सासऱ्यांनी ती सुरू केली. त्यांना दोन मुलगे. थोरल्याचा जीव चष्म्यांच्या दुकानात, धाकटा म्हणजे माझा नवरा, त्याचा जीव कशातच नाही. म्हणून सासऱ्यांनी आपली विद्या थोरल्या सुनेच्या हाती दिली. मागे आवारात जाऊबाई बीअर करतात आणि पुढे पबमध्ये मी ती लोकांना देते. मध्ये एक दार आहे. चौदा वर्षांत मी ते ओलांडलं ते निरोप द्यायला, फार तर रिकाम्या बाटल्या ठेवायला. एकदोनदा मी बीअरबद्दल काही बोलून पाहिलं, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या, "तू बातम्या लिही, धाकटे. आतलं मी बघते." रागाने नव्हे. पण दार लागलं ते लागलंच.

आमच्या अंकाचा एक नियम आहे. आपल्या नव्या बीअरबद्दल बीअर करणाऱ्याने स्वतः तीन ओळी लिहायच्या: रंग, वास, चव. संपादकाने त्यातला शब्दही बदलायचा नाही. एकदा मी 'कडू'चं 'किंचित कडू' केलं होतं, तर आमच्यातले सर्वांत जुने ब्रुअर, ज्यांना सगळे मिशीवाले म्हणतात, ते अख्खा हिवाळा माझ्याशी बोलले नाहीत.

सोमवारी जाऊबाईंची चिठ्ठी आली. "रंग तांब्याचा. वास संत्र्याच्या सालीचा, मागून थोडा मधाचा. चव शेवटी कडू, पण भांडत नाही."

'भांडत नाही' मला फार आवडलं. मग आठवलं की ते मला गेल्या वर्षीही आवडलं होतं. जुना अंक काढून पाहिला. शब्द न् शब्द तोच.

आता कामचुकारपणा जाऊबाईंना माहीत नाही. धुतलेली टाकी त्या पुन्हा धुतात. आणि संत्र्याचा वास यंदा येणारच नव्हता. तो वास येतो हॉप्समुळे, म्हणजे बीअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमुळे. टेकडीवरच्या ज्या मळ्यातून आम्ही ती घेतो तिथल्या वेलींवर यंदा रोग पडला. जाऊबाईंनी आठवडाभर त्रागा केला आणि भलत्याच जातीची फुलं दुसरीकडून आणली. ही बातमी मागच्या अंकात मीच छापली होती.

मी दार ओलांडून आत गेले. जाऊबाई टाकीच्या नळाखाली ग्लास धरून उभ्या होत्या. त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला, मग नाकाशी नेला, डोळे मिटले, नेहमीसारखं तीन आकडे मोजण्याइतकं थांबल्या.

"झाली," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी पिंपांत भरते."

"अंकासाठी फोटो काढायचाय," असं म्हणून मी तो ग्लास मागून घेतला आणि पबमध्ये येऊन हुंगला. लोणी. अगदी स्पष्ट लोणी, सिनेमाच्या मध्यंतरात लाह्यांच्या पुड्यांतून येतं तसं. मी बीअर करणारी नसले तरी चौदा वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकलेली बाई आहे. याच वासापायी आम्ही एकदा दुसऱ्यांचं पिंप परत पाठवलं होतं. पिऊन काही होत नाही, पण ज्याच्या पिंपातून तो वास निघतो त्याचं नाव पुढची दोन वर्षं निघत राहतं.

जाऊबाईंना हा वास रस्त्यापलीकडून आला असता. मग एकेक गोष्ट जुळत गेली. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांना आठ दिवस ताप आला होता. त्यानंतर एकदा त्यांच्या समोर दूध करपलं आणि त्या पेपर वाचत बसल्या. मोठ्या दिरांच्या मोज्यांबद्दल तर त्यांनी दीड महिन्यात अवाक्षर काढलं नव्हतं, आणि आम्ही सगळे समजत होतो की त्यांचा संसार सुधारला.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरं वाटलं. चला, यांचंही काही चुकतं. जेमतेम मिनिटभर वाटलं असेल, पण चांगलं भरघोस वाटलं. मग मला माझीच लाज वाटली आणि रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी सातला मी मागे गेले. पिंपं ओळीत मांडलेली, नळ्या धुऊन जोडलेल्या.

"ताई, भरू नका."

"का?"

"लोण्याचा वास येतोय."

जाऊबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की दुसरी असती तर दाराबाहेर गेली असती. "तुला काय कळतं यातलं?"

"काही कळत नाही. पण तुम्हाला आला का?"

त्यांनी ग्लास भरला, नाकाशी नेला. या वेळी डोळे मिटले नाहीत. मग ग्लास खाली ठेवला आणि उपड्या खोक्यावर बसल्या.

"पाणी," त्या म्हणाल्या. "दीड महिना सगळं पाणीच आहे. साबण पाणी, कॉफी पाणी, बीअर पाणी. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित परत. कदाचित नाही."

"घरात सांगितलं नाहीत?"

"सांगून काय होणार होतं? ज्या बाईला वास येत नाही तिची बीअर कोण पिणार? बाकीचे सहाजण सांत्वनाला येतील आणि जाताना बाकीच्या पबमधली आमच्या पिंपांची जागा आपसांत वाटून घेतील. दुसरं मला काही येत नाही, धाकटे. चष्मे विकू का जाऊन?"

मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. धीर द्यायला हवा होता, पण माझ्या तोंडून भलतंच निघालं. "ताई, मला कळलं तेव्हा आधी बरं वाटलं."

"वाटणारच," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षं तुला दाराबाहेर ठेवलं. तू काय गळा काढणार होतीस माझ्यासाठी?" मग नाक शिंकरून, ज्याचा आता तेवढाच उपयोग उरला होता, त्या उठल्या. "लोणी कसलं? ताजं की खवट?"

"ताजं. गरम लाह्यांवरचं."

"मग उपाय आहे. घाई केली मी. हुंगून ठरवायचं असतं टाकी कधी गार करायची, ते मी अंदाजाने केलं. पुन्हा ऊब दिली की यीस्टच तो वास खाऊन टाकतं. पण कधी संपला ते कोणीतरी सांगायला हवं." त्यांनी खाली ठेवलेला ग्लास माझ्या हातात दिला. "सासरे म्हणायचे, हात कोणाचेही चालतील, नाक घरचं हवं. तू घरचीच आहेस म्हणायची."

पुढचे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ आमची परीक्षा चाले. टाकीतून दोन ग्लास काढायचे, एक तसाच ठेवायचा, दुसरा गरम पाण्याच्या पातेल्यात. लपलेलं लोणी उबेने वर येतं. घड्याळ आणि तापमापक जाऊबाईंकडे, नाक माझं. आणि शिकवणी अशी की मला माझ्या गणिताच्या बाई दयाळू वाटायला लागल्या.

"चांगला वास येतोय," मी पहिल्या दिवशी म्हणाले.

"चांगला हा वास नाही, मत आहे. मत नकोय मला."

तिसऱ्या दिवशी गार ग्लासातलं लोणी गेलं, गरम ग्लासात होतं. छापखान्यातून दोन फोन येऊन गेले होते, अंक अडला होता. गेलं म्हणून टाकावं असं फार वाटलं. जाऊबाई पातेल्यावर वाकून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी जे म्हणेन ते त्यांना खरं मानावं लागणार होतं, आणि ते ओझं मला पेलवत नव्हतं.

"आहे अजून," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या आणि घड्याळ खिशात टाकलं.

पाचव्या दिवशी सकाळी दोन्ही ग्लास स्वच्छ होते. मी तीनदा हुंगलं, नळावर तोंड धुऊन आले, पुन्हा हुंगलं. पावाची भाजलेली कड. वाळलेलं गवत. अगदी शेवटी मिरी. जाऊबाईंनी मग एक घोट घेतला, कारण कडू-गोड सांगायला जीभ पुरते आणि ती त्यांची शाबूत होती. बराच वेळ त्यांनी तो घोट तोंडात घोळवला. "कडू बरोबर बसलंय," त्या म्हणाल्या, आणि आम्ही पिंपं भरायला घेतली.

दुपारी त्यांनी नवी चिठ्ठी आणून दिली. "रंग तांब्याचा. चव शेवटी कडू, पण भांडत नाही. वास पावाच्या कडेचा, गवताचा, मिरीचा. तो धाकटीने घेतला आहे, मला सध्या वास येत नाही."

"शेवटचं छापायची काही गरज नाही, ताई."

"शब्द बदलायचा अधिकार नाही ना तुला?"

"नाही."

"मग छाप."

मी छापलं. शेकोटी आणि पाच मांजरांच्या मधोमध.

पहिलं पिंप त्यानंतरच्या शनिवारी दुपारी उघडायचं होतं. सहाही ब्रुअरीवाले आले, पबवाले आले, आणि सगळ्यांनी अंक वाचलेला होता हे त्यांच्या भोपळ्याच्या बीअरवरच्या लांबलचक चर्चेवरून कळत होतं. जाऊबाई पिंपाशेजारी ताठ उभ्या होत्या. त्यांचे हात मागे होते आणि मला मागूनच दिसत होतं, बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती.

शेवटी मिशीवाले उठले. ग्लास घेतला, मिशी सांभाळून नाक आत घातलं, आणि वळले ते जाऊबाईंकडे नव्हे, माझ्याकडे.

"गवत म्हणतेस. ओलं की वाळलेलं?"

"वाळलेलं."

"किती वाळलेलं?"

"दोन दिवस उन्हात पडलेलं," मी म्हणाले. तोंडाला आलं ते म्हणाले.

त्यांनी पुन्हा हुंगलं. पबमध्ये भोपळ्याचा विषय संपला होता. "दीड दिवस," मिशीवाले म्हणाले, ग्लास रिकामा केला आणि पुन्हा भरायला पुढे केला. मग जाऊबाईंना म्हणाले, "पुढच्या महिन्यात माझी काळी बीअर निघतेय. पिंपांत भरायच्या आधी दोघी या बघायला. एकटी येऊ नकोस."

जाऊबाईंची बोटं सुटली. त्या नुसत्या "येऊ" म्हणाल्या, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. मला पिंपाजवळून हलताच येईना, इतके ग्लास पुढे येत होते.

उन्हं कलायच्या आधी पिंप संपलं. आम्ही दोघींनी ते आवारात नेऊन धुतलं आणि उपडं घातलं. आत अजून गलका होता. मला पबमध्ये जायचं होतं, पण जाऊबाई तिथेच उभ्या राहिल्या.

"बीअरचं निभेल," त्या म्हणाल्या. "तुझं नाक आहे, माझी जीभ आहे. पण सकाळी हे दार उघडलं की ही जागा माझी वाटायची, ते गेलंय बघ. परक्याच्या आवारात आल्यासारखं होतं. रोज." त्या जरा घुटमळल्या. "आत्ता कसला वास येतोय इथे?"

मी त्यांनी शिकवलं होतं तसं, मत न देता, हळूहळू हुंगलं.

"पानांचा. भिजलेल्या. मोरीपाशी जास्त. पिंपाच्या ओल्या लाकडाचा. सकाळी शिजवलेल्या जवाच्या माल्टचा, तो भिंतीत मुरलाय. शेजारी कोणीतरी कांदा परतायला घेतलाय."

जाऊबाईंनी डोळे मिटले होते.

"अजून सांग," त्या म्हणाल्या.