मला वगळून बांधलेले अ‍ॅप

मित्रांनो, माझ्या काचेला तडा गेला आहे, बॅटरीही लवकर उतरते, पण मी, एक जुना फोन, अजून चालू आहे. इंडोनेशियातल्या मकासरच्या बंदराजवळ एका छोट्या कचेरीत मी चाचणीचे काम करत असे. कोळ्यांना वादळाचा इशारा देणारे अ‍ॅप तिथे तयार होई.

ते अ‍ॅप रोस्मिनी बांधायची. कोळ्यांकडे माझ्याच पिढीचे फोन होते. म्हणून तिचा नियम होता: अ‍ॅप आधी माझ्यावर चालले पाहिजे, मगच आनंदाची तळलेली केळी मागवायची आणि अ‍ॅप लोकांना द्यायचे. "माझा म्हातारा पास म्हणाला, की झालं!" असे ती म्हणे आणि मी फुशारून जाई.

यंदा तिने नकाशाचा एक नवा, आयता भाग अ‍ॅपमध्ये घातला आणि बांधणी अडली. पडद्यावर लाल ओळी आल्या: हा भाग फोनच्या इतक्या जुन्या प्रणालीवर चालत नाही. तिने त्या भागाची जुनी आवृत्ती शोधून आणली, तर दुसरेच काही मोडले. ते सावरले, तर तिसरे बिघडले. बिचारी रडकुंडीला आली.

"कशाला डोकं फोडून घेतेस?" तिचे साहेब ताहिर म्हणाले. "अ‍ॅपला फोनची किमान कितवी आवृत्ती लागते, तो आकडा वाढव. लाल ओळी जातील."

"साहेब, पण जुने फोन बाद होतील ना!"

"असे राहिलेत किती? उद्या अ‍ॅप द्यायचंय, बाई."

तिने माझ्याकडे पाहिले आणि आकडा वाढवला. बांधणी सुरळीत झाली. मला तिने चाचणीची वायरसुद्धा लावली नाही. नव्या फोनवर अ‍ॅप चालवले आणि केळी मागवली. मित्रांनो, हा विश्वासघात माझ्या फार जिव्हारी लागला.

नवे अ‍ॅप आले तसे जुने अ‍ॅप बंद पडले. काही दिवसांनी डाएंग सिक्की हे वयस्क कोळी, हाताला पट्टी बांधून, कचेरीत आले. त्यांच्याकडे हुबेहूब माझ्यासारखाच फोन होता.

"लेकी, इशारा आलाच नाही बघ. होडी गेली. फळीला धरून कसेबसे वाचलो."

रोस्मिनीचा चेहरा उतरला. आता तरी ती खरे सांगेल, असे मला वाटले. तिने मला उचलून त्यांच्यापुढे धरले.

"अ‍ॅप चांगलं आहे, डाएंग. हे फोनच निकामी झालेत."

"असं होय? मग माझंच चुकलं. उगाच तुला बोल लावला, पोरी."

मी तिच्या हातात चालू होतो! पण मला कोण विचारतो?

मित्रांनो, आम्ही जुने झालो की खुशाल टाका. पण आमच्या भरवशावर असलेल्या माणसांना ते आधी सांगा. भर समुद्रात कळू देऊ नका.