हव्वाबींची झिजलेली गिनी

मित्रांनो, मी एक जुनी सोन्याची गिनी आहे. रूपाचं म्हणाल तर यथातथाच. माझ्यावरच्या राजाला नाक उरलेलं नाही आणि मागच्या बाजूचा घोडा आता बकरीसारखा दिसतो. तरीही माझ्याइतकी सुखी गिनी पनवेल तालुक्यात सापडायची नाही.

१९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत मी जन्मले. तेव्हा माझा थाट काय वर्णावा! पनवेलच्या हव्वाबींना मी लग्नात नवऱ्याकडून मेहेर म्हणून मिळाले. त्यांचं माझ्यावर फार प्रेम होतं, आणि प्रेम म्हणजे घासणं असा त्यांचा समज होता. दर ईदेला त्या रिठ्याचं पाणी आणि चुलीतली राख घेऊन बसायच्या. मी चमकायचे खरी, पण राजाचं नाक दरवर्षी थोडं थोडं जायचं.

पुढे त्यांचे चिरंजीव झकेरियाशेठ तांदळाच्या व्यापारात स्थिरावले आणि त्यांना नाणी जमवायचा नाद लागला. लाल मखमलीच्या पेटीत त्यांनी आमची प्रतवारी लावली. पहिल्या रांगेत कोऱ्या गिन्या, मग बऱ्या, आणि शेवटच्या कोपऱ्यात मी. भिंगातून मला पाहिलं की शेठ सुस्कारा टाकत. मला राग यायचा. घासलं यांच्या आईनं आणि नावं मला!

आणे जाऊन नवे पैसे आले त्या वर्षीची गोष्ट. मिठागरावर काम करणारे काशीराम आपल्या मुलीला, रंभाला, घेऊन दुकानात आले. दोन दिवसांनी तिची हळद होती. काशीरामांनी कनवटीची पुरचुंडी सोडून एक गिनी पुढे ठेवली.

"शेठ, खरी हाय का बगा. आजीनं मडक्यात ठेवलेली. सोनाराकडं कडी लावाया चाललोय. पोर बिनगिनीची हलदीला बसली तं लोक काय म्हनतील?"

शेठनी भिंग लावलं आणि ते पाहतच राहिले. गिनी माझ्याच वयाची, पण कुणाचा हातही न लागलेली. घोड्याच्या आयाळीचा केस न् केस दिसत होता.

"काशीराम, हिला विस्तव दाखवू नका. कडी जोडली की हिची सगळी किंमत गेली. मला द्या, हवे तेवढे पैसे घ्या."

"पैशे काय गल्यात बांदू?" काशीराम पुरचुंडी बांधू लागले.

शेठनी घाईघाईने पेटी उघडली. "मग यातली कुठलीही गिनी घ्या. वरचे पैसेही देतो, लग्नाची भांडी होतील त्यात."

रंभा पुढे झाली. तिची बोटं चकचकीत गिन्यांवरून फिरत फिरत माझ्यापाशी थांबली. तिने मला उचललं आणि गळ्याला लावून पाहिलं.

"मना ही पायजे. गुलगुलीत हाय, टोचनार नाय."

शेठचा चेहरा उतरला. "बेटी, ही झिजलेली आहे. गुंजभर सोनं कमी भरेल. आणि..." त्यांनी घराकडे उघडणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. "ही अम्मांच्या मेहेरची आहे."

मी मनात म्हटलं, पुन्हा त्या कोपऱ्यात जायचं?

तेवढ्यात आतल्या पडद्याआडून हव्वाबींचा आवाज आला. "झकेरिया, देऊन टाक. पेटीत पडून राहायला का मी तिला इतकी वर्षं घासली? पोरीच्या गळ्यात मिरवू दे तिला. कमी भरेल तेवढं सोनं वरून दे."

सोनाराने कडी जोडताना चटका बसला, खोटं कशाला बोलू? पण हळदीला धवलारणी बायांनी लग्नाची गाणी धरली, रंभा नाचली, आणि मी तिच्या गळ्यात अशी उड्या मारत होते की माझं वय मीच विसरले.

मित्रांनो, घरात जुनी नाणी असतील तर राखेने घासू नका, भोक पाडू नका, आधी जाणत्याला दाखवा. काशीरामांची गिनी मखमलीवर शोभते, तिला तिथेच जपा. मला मात्र कुणी पेटीत ठेवायला मागू नका. रंभाची मालू आता वर्षाची झाली आहे, आणि मला मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येत नाही.