उपस्थित सदस्य

विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेत आधी कळस मग पाया असा कारभार होता. सभेच्या आदल्या दिवशीच तिचं इतिवृत्त टाइप होऊन तयार असायचं. निर्णय चहाच्या कपाभोवती झालेले असायचे. सभेत फक्त हात वर व्हायचे. लेखनिक टिपणबाई बावीस वर्षं हे इतिवृत्त लिहीत होती. मागच्या महिन्याची फाइल उघडायची, तारीख आणि ठराव बदलायचे, 'उपस्थित सदस्य' ही यादी तशीच ठेवायची. पुढच्या सभेत कुलसचिव विचारायचे, "मागचं इतिवृत्त कायम?" आणि सगळे बिस्किटं चावत माना डोलवायचे. एकाने जरी ते वाचलं असेल तर शपथ!

त्यामुळे गणिताचे म्हातारे सर वारले आणि त्यांचं नाव यादीत राहून गेलं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मेलेला माणूस दोन सभांना हजर राहिला आणि रीतसर कायम झाला.

तिसऱ्या सभेनंतर टिपणबाई ग्लास आवरत होती. खिडकीजवळची सरांची खुर्ची मागे ओढलेली होती. समोरचा ग्लास अर्धा रिकामा होता. हजेरीवहीत सरांच्या नावापुढे जांभळ्या शाईतली तिरकी सही होती, आणि ती अजून ओली होती. बोटाला लागली. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. सांगणार कुणाला? चूक तिचीच. पुढच्या वेळी नाव काढून टाकायचं, असं ठरवून ती घरी गेली.

घरी धाकटी बहीण रडून डोळे सुजवून बसली होती. सरकारचं नवं धोरण आलं होतं: यापुढे अनुदान डोकी मोजून. दहापेक्षा कमी विद्यार्थी असलेले विभाग बंद करायचे की विद्यापीठाने पदरमोड करून चालवायचे, हे परिषदेने ठरवायचं होतं. धाकटी जुन्या लिप्या शिकवायची. तिचे विद्यार्थी चार.

"ताई, काय होईल गं?"

"सहा जण बंद करा म्हणतात, सहा नको म्हणतात. बरोबरी झाली की कुलगुरूंचं मत. ते बंदच करणार."

"मला दुसरं काही येत नाही गं. या वयात कोण घेईल मला?"

आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती. तिची वेणी घालण्यापासून तिची फी भरण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं होतं. पुढच्या सभेचं इतिवृत्त टाइप करताना टिपणबाईने सरांचं नाव काढलं नाही. उलट खाली टाइप केलं: 'बंद करण्याच्या विरोधात: सात.'

सभेत हात वर झाले. कुलसचिवांनी मोजले. "बाजूने सहा. विरोधात... सात." पुन्हा मोजले. "सातच." खिडकीकडे कुणीच पाहिलं नाही. टिपणबाईचीही हिंमत झाली नाही, पण खडूचा वास तिच्यापर्यंत आला. कुलगुरूंचं तोंड कडू झालं. विभाग वाचला.

घरी पोचेपर्यंत तिला थंडी वाजून ताप भरला. आठ दिवस ती अंथरुणाला खिळली. धाकटी उशाशी बसून राहायची, कपाळावर ओल्या घड्या ठेवायची आणि मधेच आनंदाने गुणगुणायची. त्या आठवड्यात सरकारला तातडीने उत्तर पाठवायला विशेष सभा झाली. तिचं इतिवृत्त कुलसचिवांनी स्वतः टाइप केलं आणि घाई म्हणून जागच्या जागी कायम करून घेतलं.

सोमवारी सकाळी धाकटी झोपलेली असतानाच टिपणबाई कामावर गेली. तिच्या खुर्चीत स्वेटर घातलेला एक किडकिडीत म्हातारा दोन बोटांनी टाइप करत होता. याला तिने भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं. तिच्या आधीचे लेखनिक! याच टेबलावर डोकं टेकून वारले, म्हणून तर तिला जागा मिळाली होती.

"अहो, ही माझी जागा आहे."

त्यांनी मान वर केली नाही. कुलसचिव आत आले, तिच्या अगदी जवळून गेले आणि म्हाताऱ्यासमोर फाइल ठेवून म्हणाले, "हे आजच्या आज करा."

टेबलावर विशेष सभेचं इतिवृत्त पडलं होतं. टिपणबाईने वाचलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. कुलसचिवांच्या हाताला कुठलीतरी जुनीपुराणी फाइल लागली होती. सदस्यांची नावं त्यांनी बदलली होती. लेखनिकाचं कोण बघतं! शेवटच्या 'लेखनिक' या ओळीत म्हाताऱ्याचं नाव तसंच होतं. तिचं नाव कुठेच नव्हतं.

ती धावत घरी आली. दार उघडंच होतं. टेबलावर एकच ताट होतं आणि धाकटी फोनवर हसत बोलत होती.

"हो गं, वाचला विभाग! कुणी वाचवला देव जाणे... बहीण? माझी? छे गं, मी एकुलती एक."

"अगं छोटे, मी आलेय," टिपणबाई उंबऱ्यातून ओरडली.

धाकटीने दाराकडे पाहिलं. मग वारा येतोय म्हणून उठली आणि दार लावून घेतलं.