मान बसल्याचा आवाज

जुन्नरच्या जलाल कागद्याची बायको ताजबी तान्ह्या पोरांना तेल लावून न्हाऊ घालायची. तिच्या पायांवर आडवी झालेली पोरं आता मिशीला पीळ देत बाजारात फिरत, आणि ती भर बाजारात हाक मारून त्यांना सांगे, "लई फेंगडा व्हतास रं, म्या सरळ केला तुला." असल्या बाईवर कोण रागावणार?

डोंगराकडच्या सावळेरामाच्या घरी मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. त्याच्या मुलाला, भागूला, तिनेच न्हाऊ घातलं होतं. आता भागूची पहिलीच लेक मान डावीकडे धरून पडायची, उजवीकडे वळायचं नाव नाही. सावळेरामाने ठरवून टाकलं होतं की आज ताजबीच्या हातून मान बसली नाही, तर उद्या उजाडताच गाडी जुंपायची आणि पोर आणे गावच्या कुंडलिकाकडे न्यायची. कुंडलिक बैलांची आणि पैलवानांची हाडं बसवायचा. सावळेरामाचा खांदा त्यानेच बसवला होता, आणि तेव्हा झालेला 'कट्' आवाज शेजारच्या घरात ऐकू गेला, हे सावळेराम येईल त्या पावण्याला सांगे. तोच हात आता या एवढ्याशा मानेवर पडणार होता.

पाय पसरून तिने पोर पायांवर घेतली आणि कोमट तेलाची बोटं मानेवरून फिरवली. हाड जागच्या जागी होतं. एक शीर तेवढी सुतळीसारखी ताठली होती. मग तिचं लक्ष झोळीकडे गेलं. झोळी चुलीजवळ टांगलेली, पोरीचं डोकं रोज एकाच टोकाला. चूल डावीकडे, भाकरी थापणारी आई चिमाबाईही डावीकडे. पोर दिवसभर आईला बघत होती, तिचं तरी काय चुकलं?

बाहेर ओसरीवर सावळेराम मोठ्याने खाकरला.

"ताजबी, हाड बसल्याचा आवाज येऊ दे," त्याची बायको सखूबाई म्हणाली. "त्याबिगर कसं कळायचं?"

ताजबीला राग आला. पोर म्हणजे काय वाळकी काटकी, मोडली की वाजायला? पण वाद घालावा तर उद्या गाडी जुंपणार. तिने पदर पोरीवर ओढला आणि पदराआड स्वतःचंच बोट दाबलं. कट्.

"बसली," ती म्हणाली.

ओसरीवर सावळेरामाने काढून ठेवलेलं जू पुन्हा भिंतीला टेकवलं. जाता जाता ताजबीने चिमाबाईला बजावलं, "आजपासनं डोकं झोळीच्या दुसऱ्या टोकाला. तुला बघाया तिला मान वळवावीच लागंल. आन् रोज तेल लाव, पर जोर करू नगं."

भातं कापून झाल्यावर ताजबी पुन्हा आली. तिची हाक ऐकताच सखूबाईच्या मांडीवरच्या पोरीने मान उजवीकडे वळवली आणि बोळकं पसरून हसली. ताजबीच्या डोळ्यांत पाणी आलं. सखूबाईने नातीच्या तोंडावरून हात उतरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. कट्.

"ह्योच व्हता न्हवं त्या दिशीचा आवाज?" सखूबाईने हळूच विचारलं.

ताजबीचा चेहरा पडला. "तुला कळलं व्हतं?"

"न कळाया काय झालं? जलमभर पोरांवरनं बोटं मोडली म्या. मला बी त्या आण्याच्या कुंडलिकाचं भ्याच व्हतं, ताजबी. आवाज मला नगं व्हता. ओसरीवरच्याला पायजे व्हता."

बाहेर सावळेराम कुणा पावण्याला सांगत होता, "असा कट् झाला, राव, सोताच्या कानानं ऐकलाय म्या. कुंडलिकाचा बी येवढा न्हाई."

आत दोघींनी तोंडाला पदर लावला.