जोनेलची बोट यायच्या आत

सकाळी वीज गेली आणि आली, एवढंच झालं होतं. फिलिपिन्समधल्या इलोइलोत त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण त्या झटक्यात कचेरीचा मेल सर्व्हर बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यातला डेटाबेस उघडेना. कचेरीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या हर्मिनियाने दोनदा सुरू करून पाहिलं. दोन्ही वेळा पडद्यावर तेच: लॉगची एक फाईल सापडत नाही.

ही कचेरी जहाजांना खलाशी पुरवायची. कुणाला कुठल्या बंदरात चढायचं, कुणाचा व्हिसा आला, सगळं मेलवर चाले. मेल बंद म्हणजे कचेरीच बंद. मालक गोलेझसाहेब तिच्या खोलीच्या दारात आले ते फोन खिशात ठेवतच.

"जोनेलला बोलावलंय. बाकोलोदहून दुपारच्या बोटीने येतोय."

"सर, थोडा वेळ द्या. होईल माझ्याकडून."

"झालं तर उत्तमच. पण तो असलेला बरा, हर्मी. सिंगापूरला केवढे सर्व्हर सांभाळलेत त्याने."

जोनेलला केबलची टोकं बसवायला याच कचेरीत हर्मिनियानेच शिकवलं होतं. सिंगापूरच्या त्या नोकरीसाठी अर्ज दोघांनी केला होता आणि बोलावणं त्याला आलं. तेव्हा तिने त्याच्यासाठी केक आणला, सगळ्यांसमोर हसून कापायला लावला, आणि घरी जाऊन आईला म्हणाली, "तुला एकटीला टाकून मी थोडीच जाणार होते?" गेल्या वर्षी तो परत आला आणि स्वतःची फर्म काढली. तेव्हापासून कचेरीत काही बिघडलं की आधी त्याचं नाव निघायचं. सणाच्या जेवणात साहेबांनी त्याला आपल्या टेबलावर बसवलं होतं. ती नोकरांच्या टेबलावरून बघत होती, आणि ताटातलं डुकराचं मांस तिला गोड लागलं नव्हतं.

त्याची बोट धक्क्याला लागायच्या आत हे सुरू करायचंच, असं तिने ठरवलं.

बॅकअप होता, पण तो गेल्या आठवड्यातला. तो चढवला तर मधल्या सगळ्या मेल गेल्या. दुसरा रस्ता जबरी दुरुस्तीचा. ती लवकर होते, पण डेटाबेसचं जे पान वाचता येत नाही ते ती सरळ फेकून देते. हर्मिनियाने मूळ डेटाबेसवरच ती दुरुस्ती सोडायची म्हणून आज्ञा टाईप केली. तिचं बोट एंटरवर होतं. मग तिने सगळं पुसलं आणि आधी डेटाबेसची कॉपी करायला घेतली. कॉपी संपेना. ती खुर्चीत चुळबुळत राहिली. साहेब दोनदा डोकावून गेले. शेवटी तिने कॉपीवर दुरुस्ती चालवली, आणि डेटाबेस उघडला.

तिला इतका आनंद झाला की तिने लगेच रिझाला हाक मारली. रिझा खलाशांच्या कागदपत्रांचं बघायची आणि हर्मिनियाला मनांग, म्हणजे ताई, म्हणायची.

"बघ गं, तुझी पेटी नीट दिसतेय का?"

रिझाने खाली-वर करून पाहिलं. "मनांग, रोटरडॅमची मेल कुठंय? काल संध्याकाळी आलेली. आपल्या त्या रोडेलची, आचाऱ्याची. त्याला परवा विमानात बसायचंय."

"नीट बघ."

"नाहीये. कालचं काहीच नाहीये. परवाच्या मेल आहेत, पण त्यांना जोडलेले कागद उघडत नाहीत."

तेवढ्यात साहेब आत आले. "झालं का सुरू?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. साहेबांची पेटी उघडली असती, ते खूश झाले असते, जोनेलला धक्क्यावरूनच परत पाठवलं असतं. काय काय हरवलं ते एकेक करून पुढे कळलं असतं, आणि विजेवर ढकलता आलं असतं. रिझा तिच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही सर," हर्मिनिया म्हणाली. "उघडतंय, पण मेल गळतायत. हे वापरता येणार नाही."

"म्हणजे सकाळपासून काहीच नाही," साहेब म्हणाले आणि गेले.

जोनेल आला तो घामाघूम होऊन. तिचा हात घेऊन त्याने कपाळाला लावला, वडीलधाऱ्यांना करतात तसा. तिला ते मुळीच आवडलं नाही. ती काही एवढी म्हातारी नव्हती.

"मूळ फाईलला हात लावलाय, मनांग?"

"नाही. जे केलं ते कॉपीवर."

"वाचलो," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला, तिच्या जागेवर नाही. "इतक्यात काही नवं बसवलंय सर्व्हरवर?"

तिला उत्तर माहीत होतं आणि ते द्यायचं नव्हतं. "गेल्या महिन्यात अँटीव्हायरस बदलला. मीच."

त्याने अँटीव्हायरसची ती जागा उघडली, जिथे संशयित फायली अडकवून ठेवतात. लॉगची हरवलेली फाईल तिथेच पडून होती. मेल आली की सर्व्हर ती आधी लॉगमध्ये टिपून घेतो आणि मग सवडीने डेटाबेसमध्ये बसवतो. सकाळी सर्व्हर पुन्हा सुरू होताना कालच्या कुठल्याशा मेलमधला व्हायरस त्या लॉगमध्ये दिसला आणि अँटीव्हायरसने अख्खी फाईलच उचलली. दोघांनी सर्व्हरवरची मेलची फोल्डरं अँटीव्हायरसला वगळायला लावली, मूळची दुसरी कॉपी केली, फाईल जागच्या जागी ठेवली आणि अपुरं राहिलेलं काम डेटाबेसकडून पुरं करून घेतलं. या वेळी एकही पान गेलं नाही. रिझाला रोडेलची मेल सापडली.

साहेबांनी जोनेलची पाठ थोपटली. तो म्हणाला, "मूळ फाईल मनांगने जपली म्हणून झालं, सर. नाहीतर मी येऊन काय करणार होतो?" हे ऐकून तर ती आणखीच जळली. श्रेय वाटून टाकण्याइतकंही याच्यापाशी होतं.

तरी तो "बाचोय खायला चला" म्हणाला तेव्हा ती त्याच्याबरोबर शेवयांच्या त्या सूपच्या दुकानात गेली. तिला एक गोष्ट विचारायचीच होती.

"तोतो," धाकट्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली, "तुला कसं सुचलं अँटीव्हायरसचं?"

त्याने वाडग्यातल्या शेवया ढवळल्या. "सिंगापूरला माझ्या हातून झालंय हेच. साहेब मानेवर बसला होता. मूळ फाईलवरच दुरुस्ती चालवली. एका गिऱ्हाइकाच्या सगळ्या मेल गेल्या. फाईल अँटीव्हायरसच्या कोठडीत होती ते नंतर कळलं."

"मग?"

"मग काय. घरी पाठवलं. आईला सांगितलंय, तुझी आठवण यायची म्हणून आलो. तुम्हीही तेच सांगा कुणी विचारलं तर."

हर्मिनियाला आधी बरं वाटलं. उन्हातून येऊन गार पाणी प्यावं तसं. मग तिचं लक्ष त्याच्याकडे गेलं. तो मान खाली घालून भराभर खात होता, आणि तिला आपल्या त्या बरं वाटण्याची किळस आली. तिने आपल्या वाडग्यातलं मांस त्याच्या वाडग्यात घातलं. तो नको म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब कॉफीचा कप घेऊन तिच्या खोलीत टेकले.

"काय पोरगा आहे. सिंगापूर सोडून आला, नुसत्या गावाच्या ओढीने."

रिझाही दारात येऊन ऐकत होती. हर्मिनियाच्या जिभेवर सगळं तयार होतं, दोन वाक्यांत सांगण्यासारखं.

"हो सर," ती म्हणाली, आणि पुढचं काही तोंडून निघू नये म्हणून स्वतःच्या कपातल्या कॉफीचा मोठा घोट घेतला. ती इतकी गरम होती की जीभ पोळली.